पांढरी दोन

“बाई, तुम्ही कुणाची वाट बघताय?”

उत्कर्षानं हे विचारलं तेव्हा माझी दहाही बोटं पियानोवर टेकलेली होती आणि एकही सूर वाजत नव्हता. खालच्या मजल्यावर शाळांचे गणवेश शिवायचा कारखाना आहे, त्याची मशिनं तेवढी चालली होती. मार्चमधली संध्याकाळ. पंखा गरम हवाच इकडची तिकडे करत होता आणि खिडकीच्या गजाला अजून हात लावायची सोय नव्हती. समोरच्या कागदावर एक खूण होती, अर्धगोल आणि त्याच्या पोटात ठिपका, पेंगुळलेल्या डोळ्यासारखी. त्या खुणेवर थांबायचं. किती वेळ, ते वाजवणाऱ्यानं ठरवायचं. इथवर मी बरी येत असे. चढउतार पार करून, धापा टाकत का होईना, या खुणेपाशी पोचत असे आणि मग तिथंच बसून राहत असे. पुढची ओळ मला पाठ होती. झोपेतून उठवून विचारली असती तरी वाजवली असती. पण या डोळ्यापाशी आले की बोटं जड व्हायची, जीव कानात गोळा व्हायचा, आणि गाडी काही हलायची नाही. “हितं थांबायचं असतं बाई,” उत्कर्षा आधी हसत म्हणाली होती, “मुक्काम नसतो करायचा.” मग तिनं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, हसायची थांबली, आणि तो प्रश्न विचारला. टोचावं म्हणून नाही, खरोखरच कळत नव्हतं म्हणून. मी म्हणाले, “कुणाची नाही गं,” आणि चष्मा पुसायला घेतला.

आमचं नातं उलटंपालटं आहे, ते सांगून टाकते. मी गोदावरी. सोलापुरातल्या मुलींच्या एका शाळेत उभी हयात संगीत शिक्षिका होते. संगीत शिक्षिका म्हणजे काय, तर ईशस्तवन, स्वागतगीत, आणि पाहुणे उशिरा आले तर पुन्हा स्वागतगीत. उत्कर्षा माझी विद्यार्थिनी. माढ्याकडच्या ऊसवाल्यांची पोर, वसतिगृहात राहायची, आणि माझ्या तासाला मागे बसून पेटीच्या चार चार पट्ट्या एकदम दाबायची. “एका वेळी एक सूर!” म्हणून मी तिच्यावर खेकसायची. तीच पुढं पुण्याला जाऊन पियानो शिकली, परत आली, आणि कारखान्याच्या वर क्लास काढून तिनं उद्घाटनाला मलाच बोलावलं. नारळ फुटला, पेढे वाटले, फोटो निघाले. गर्दी पांगल्यावर मी आपली उगीच त्या वाद्यापाशी बसले आणि ती मागच्या बाकावर करायची तेच केलं, तीन पट्ट्या एकदम दाबल्या. खोलीभर जे काही पसरलं ते ऐकून मी उठलेच नाही. तेव्हापासून ती मला बाई म्हणते आणि मी तिला गुरुजी म्हणते. आमचे हे, म्हणजे सुबोधराव, याला साठी बुद्धी नाठी म्हणतात. म्हणोत बापडे. येत्या गुरुवारी माझी परीक्षा होती. लंडनच्या एका बोर्डाचे परीक्षक वर्षातून एकदा इकडे येतात, त्यांच्यासमोर वाजवायचं आणि तोंडी प्रश्नांना उत्तरं द्यायची. माझ्याबरोबरचे बाकीचे परीक्षार्थी चौथी-पाचवीतले. नापास झाले असते तरी कुणी मला वर्गाबाहेर उभं करणार नव्हतं. पण त्या खुणेवरून पुढं जायचंच, एकदा तरी शेवटपर्यंत जायचं, एवढं मला हवं होतं. इतकं हवं होतं की त्याचं माझं मलाच हसू येई, आणि रात्रीच्या जेवणात मीठ पडत नसे.

तसं पाहिलं तर मी या वर्षात बरेच गड सर केले होते. पहिला गड डाव्या हाताचा. पेटीवाल्याचा डावा हात म्हणजे बैल. उजव्यानं गावं, नाचावं, लोकांनी वाहवा करावी ती उजव्याची; डाव्यानं मुकाट मागे भाता मारावा. माझ्या डाव्या हातानं जन्मभर दुसरं काही केलंच नव्हतं. आता त्याला सांगितलं की बाबा रे, तुलाही बोटं आहेत. खालचा सूर, वरचा, मधला, पुन्हा वरचा, असं सुटं सुटं करून एकसारखं वाजव. उत्कर्षा म्हणाली, याला आल्बर्टी बेस म्हणतात, त्या काळातल्या कुणा आल्बर्टीची ही लाडकी युक्ती. तीन सूर एकदम आपटण्याऐवजी त्यांचे दाणे करून पेरायचे. माझा हात चार दाणे पेरी आणि जरा कुठं घाबरला की पट्ट्या सोडून हवेत उठे आणि समोर नसलेला भाता दाबे. क्लासमधली पोरं तोंडावर हात धरून खिदळायची. उत्कर्षानं माझ्या तळव्याखाली लिंबू ठेवलं. लिंबू न पाडता वाजवायचं. मी लिंबं पाडली, घरी नेऊन त्यांचं सरबत केलं, पुन्हा नवी लिंबं आणली. आणि दिवाळीनंतर एका सकाळी, घरच्या छोट्या कीबोर्डवर, डावा हात आपला आपण पेरत चालला होता, वर उजवा हात गात होता, आणि मला रडू आलं. इतक्या वर्षांचा मुका माणूस घरात बोलायला लागला होता. फक्त घाबरल्यावर भाता मारायची त्याची खोड तेवढी गेली नव्हती.

दुसरा गड ‘सा’चा. आमच्याकडे एकदा तंबोरा लागला की सा म्हणजे धर्म. गायक कुठंही भटको, पाय त्याच उंबऱ्यावर. माझा परीक्षेचा सोनाटा, म्हणजे पियानोवर एकट्यानं वाजवायची रचना, व्हिएन्नाकडच्या कुणा जुन्या माणसानं रचलेला, त्याचं नाव मला अजून धड घेता येत नाही, म्हणून आम्ही त्याला आपला व्हिएन्नावाला म्हणतो. तो सुरू होतो डी मेजरमध्ये. पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी दोन, म्हणजे दुसरी पांढरी पट्टी हाच सा. पहिली थीम, म्हणजे मुख्य धून, मोठी मानी आहे. ताठ उभी राहून एक प्रश्न विचारते आणि स्वतःच उत्तर देते. मग एक पूल येतो, आणि पूल ओलांडून दुसरी थीम लागते ती पांढरी सहावर, आणि बेधडक सांगते की इथून पुढं हाच सा. माझा विश्वास बसेना. मी काय करायची, तर वर पांढरी सहाचा संसार चाललेला असताना खाली करंगळीनं पांढरी दोन धरून ठेवायची. लेक सासरी गेली तरी आईनं फोन खाली ठेवू नये तसा प्रकार. ते इतकं बेसूर लागायचं की कारखान्यातल्या बायका वर बघायच्या. “सोडा की तो सूर, बाई!” उत्कर्षा ओरडली. ओरडताना ती अगदी माढ्याची होते. “सुटला तर मग हरवलं ना सगळं,” मी म्हणाले. ती म्हणाली, “हरवत न्हाई काय. घर सोडल्याबिगर परत येण्याला काय अर्थ हाय?” मी करंगळी उचलली. पुढं तिनं सगळा नकाशा समजावला. आधी एक्स्पोझिशन, म्हणजे दोन्ही थीम मांडून दाखवायच्या. मग डेव्हलपमेंट, म्हणजे मांडलेलं मोडायचं, तुकडे करायचे, अंधारात फिरवून आणायचे. आणि मग रिकॅपिच्युलेशन, परत येणं. या वेळी दुसरी थीमसुद्धा पांढरी दोनवरच वाजते, दोघी एका घरात. डेव्हलपमेंट संपते आणि परत येणं सुरू व्हायचं असतं, त्या सांध्यावर तो पेंगुळलेला डोळा आहे.

त्या संध्याकाळी मी रिक्षा न करता चालत घरी आले. प्रश्न डोक्यात ठेवून. हे गॅलरीत बसले होते. “गुरुवारी पाणी आहे,” त्यांनी जाहीर केलं. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरात लग्न, मयत, परीक्षा काहीही असलं तरी आधी पाणी. नळ सुटल्यापासून जाईपर्यंत टाकी, पिंप, बादल्या, कळश्या, अगदी वरणाचं पातेलंसुद्धा मी भरून ठेवते. “परीक्षेच्या दिवशीच आलं बघ,” ते म्हणाले, “देवाच्याच मनात नसेल.” एरवी मी त्यांना सोडलं नसतं. पण त्या दिवशी सूप घेऊन चटणीसाठी शेंगा फोडत बसले, आणि फोडलेले दाणे टरफलांत टाकत गेले. कुणाची वाट बघतेय मी? आई कधीच गेली, मुलगा बेंगळुरात सुखी आहे, नवरा समोर बसून पाण्याचा हिशेब करतोय. मग उजव्या पायाचा अंगठा आपसूक फरशीवर दोनदा आपटला. माझा नव्हता तो ताल. मी खाली बघितलं, आणि मला अप्पांची पावलं दिसली.

माझे वडील यज्ञेश्वरबुवा. कीर्तनकार. त्यांचा सूर पांढरी दोन. पेटीवर माझा हात पुरायला लागला त्या दिवसापासून त्यांच्या कीर्तनाला मी साथीला. आता सोनाटाचा नकाशा कळल्यावर वाटतं, मला तो नवा नव्हताच. अप्पा उभे राहत, नमन होई, मग पूर्वरंगाला, म्हणजे कीर्तनाच्या पहिल्या भागाला, मूळपद, ज्यावर पुढं सगळं बोलायचं ते पद. ते नीट, स्वच्छ, दोनदा मांडत, म्हणजे शेवटच्या रांगेतल्या पेंगणाऱ्यालासुद्धा ते तोंडपाठ व्हावं. त्यानंतर निरूपण. मूळपदातला एक शब्द उचलायचे आणि त्याला धरून निघायचे. कुठं एखादी गोष्ट, कुठं श्लोक, कुठं परवा एसटीत भेटलेला माणूस. चाल बदले, ताल बदले, हसणारे लोक डोळ्याला पदर लावत. आम्ही किती लांब आलोय, हे मी पेटीमागं मनात मोजत बसे. आणि मग, अगदी लांब गेल्यावर, अप्पा थांबत. चिपळ्या गप्प. उपरणं एका खांद्यावरून दुसऱ्यावर. लोकांकडे बघत, हसत. सगळ्या देवळाला ठाऊक की आता कुठं जायचंय, आणि कुणी श्वास घेत नसे. मी भाता भरून बसे. पेटीला सुराआधी हवा द्यावी लागते, नाहीतर पहिला सूर घोगरा येतो. अप्पांचा उजवा अंगठा फरशीवर दोनदा पडे, आणि अप्पा मूळपदावर येत. त्यांच्या मागून, केसभर मागून, मी. साथीदारानं आधी जायचं नसतं. बुवा पुढं, पेटी मागं, म्हणजे बुवा दिसतात आणि पडले तर झेलायला पेटी असते. ही शिकवण माझ्या हाडात गेलेली. शाळेतसुद्धा स्वागतगीताला मुलींच्या मागून केसभर जायची मी. घरातही तसंच चाललं असेल. मूळपदावर यायचा तो क्षण इतका गोड असायचा की त्यासाठी मी तापातसुद्धा साथीला गेले आहे. उत्तररंगात अप्पा आख्यान लावत आणि गोष्टीच्या प्रत्येक वळणावर तेच पालुपद परत आणत. ते मी उत्कर्षाला सांगितलं तेव्हा तिनं टाळ्या पिटल्या. “बाई, याला राँडो म्हणत्यात! तुमच्या अप्पांना ठाऊक होतं की!”

अप्पांचं शेवटचं कीर्तन वळसंग गावात झालं. तेव्हा आम्हाला ते शेवटचं आहे हे माहीत नव्हतं. देवळाच्या ओट्यावर शेंदरी रंगाची सतरंजी, समोर शेतातून परस्पर आलेली माणसं, हातपाय धुऊन बसलेली. तिकडं निम्मी वस्ती कानडी बोलणारी, म्हणून अप्पा सुरुवातीलाच हात पसरून म्हणत, “बर्री, कूड्री,” या, बसा, आणि माणसं खूश होऊन पुढं सरकत. मूळपद सुरेख लागलं. मग निरूपण निघालं. पहिल्या शब्दावरून विहिरीवर गेले, विहिरीवरून मामाच्या मोटेवर, मोटेवरून मामाच्या बैलावर, त्या बैलाच्या पाठीवर बसून लहानपणी पाहिलेल्या एका जत्रेवर. लोक तल्लीन होते. बैलाच्या शिंगाला लावलेला रंगसुद्धा अप्पांनी उभा केला. पण मला कळत होतं की परतीची वाट मागं सुटत चाललीय, आणि कळत नव्हतं कशी. मग ते थांबले. नेहमीसारखेच थांबले. चिपळ्या गप्प. उपरणं या खांद्यावरून त्या खांद्यावर. मी भाता भरला. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, आणि फार सुंदर हसले, एखाद्या परक्याच्या गुणी मुलीकडे बघून हसावं तसे. अंगठा पडला नाही. मी हवा धरून बसले. पुढच्याच रांगेत सारजाबाई म्हणून एक म्हातारी होती, दर कीर्तनाला पहिली यायची. ती कुणालाच न सांगता म्हणाली, “बुवा लई लांब गेले की आज. येत्याल का?” शेवटी पुजारी प्रभुलिंग यांनी हळूच तबक उचललं आणि आरती सुरू केली, आणि अप्पाही टाळ्या वाजवत आरती म्हणू लागले. कुणी नावं ठेवली नाहीत. बुक्का लावला, नारळ दिला, ओल्या शेंगांची पिशवी दिली. येताना एसटीत खिडकीशी बसून अप्पा एकदम म्हणाले, “गोदे, आज मूळपदावर यायचं राहिलं बघ.” मी म्हणाले, “पुढच्या वेळी येऊ, अप्पा.” ते म्हणाले, “येऊ की. पेटी आहे तुझ्याकडं.” आणि शेंगा खायला लागले. पुढची वेळ आली नाही. अप्पा नंतर काही वर्षं होते, आनंदात होते, माझं नाव त्यांना कधी आठवे कधी नाही, पण उभे राहिले नाहीत. चुकलं कुणाचंच नव्हतं. बुवांच्या आधी जायचं नाही ही रीत, आणि रीत मी पाळली. फक्त त्या दिवशी भात्यात भरलेली हवा सुटायची राहिली होती, आणि ती मी इतकी वर्षं तशीच धरून बसले होते. शेंगा फोडता फोडता हे माझ्या ध्यानात आलं, तेव्हा सूप मांडीवरून घसरलं आणि सगळे दाणे गॅलरीभर झाले. “आता काय?” हे म्हणाले. मी म्हणाले, “काही नाही, सापडलं.”

मी लगेच उत्कर्षाला फोन लावला. “गुरुजी, कुणाची वाट बघते ते कळलं.” “कुणाची?” “अप्पांची.” आणि वळसंगची सगळी गोष्ट तिला सांगितली. मग ती हळू आवाजात म्हणाली, “मग त्यांना म्हणावं, गुरुवारी सकाळी टायमात या.”

गुरुवारी उजाडताच नळ खुरखुरला. मी साडीचा पदर खोचून उठले, तर हे आधीच पायजमा गुडघ्यावर दुमडून पाईप घेऊन उभे. “तू जा,” म्हणाले, “आज मी भरतो.” आमच्या संसारात हे वाक्य प्रथमच उच्चारलं गेलं. मी बघतच राहिले. “बघतेस काय? ते तुझं टँटँटँटँ वर्षभर ऐकलंय. एकदाचं पुढं जाऊ दे ते.” आणि पहिली थीम गुणगुणत बादली लावली. आवाज बेसूर होता, पण सुरांचा क्रम एकदाही चुकला नव्हता. म्हणजे हा माणूस ऐकत होता तर! मी पायात चपला घालताना हसत होते, आणि रस्ताभर हसत होते.

परीक्षा एका शाळेच्या हॉलमध्ये होती. बाहेर व्हरांड्यात पॉलिश केलेले बूट घातलेली मुलं, आणि मुलांहून घाबरलेल्या त्यांच्या आया. एकीनं आपुलकीनं विचारलं, “नातीला घेऊन आलात का?” “नाही,” मी म्हणाले, “परीक्षा माझीच आहे.” ती सरकली आणि मला बसायला जागा केली. हे सांगताना मला लाज वाटली नाही, उलट छाती जरा पुढंच आली. उत्कर्षा दाराशी नखं खात उभी होती. मी तिच्या हातावर चापट मारली. जुनी सवय.

परीक्षक एक वयस्क गृहस्थ होते, सोलापूरच्या उन्हानं लालबुंद झालेले, मानेला ओला रुमाल. मी आधी तोंडी प्रश्न मागून घेतले, म्हणजे हात तेवढा वेळ शांत होतील. त्यांनी कागद पुढं ठेवून विचारलं, मी माझ्या शाळेच्या इंग्रजीत सांगत गेले. डाव्या हाताच्या या दाण्यांना काय म्हणतात? आल्बर्टी बेस. दुसरी थीम पहिल्यांदा कुठल्या कीमध्ये, म्हणजे कुठल्या पट्टीत, येते? ए मेजर. आणि दुसऱ्यांदा? डी मेजर, सर, ती पण घरी येते. ते किंचित हसले. मग त्यांचं बोट त्या पेंगुळलेल्या डोळ्याच्या अलीकडच्या सुरांवर थांबलं. इथं कुठली कॅडेन्स, म्हणजे ओळीचा कुठला विराम, आहे? “इम्परफेक्ट,” मी म्हणाले. म्हणजे काय, सांगता येईल? पाठ केलेलं उत्तर होतं माझ्याकडे, पण ते तोंडात आलं नाही. मी म्हणाले, “म्हणजे वाक्य संपलेलं नाही. आम्ही अजून लांब आहोत, आणि यायचं आहे.” त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, वाजवा, तुम्हाला वाटेल तेव्हा.

मी पियानोला हात लावून नमस्कार केला आणि सुरुवात केली. पहिली थीम ताठ उभी राहिली. पांढरी दोन, माझ्या बापाचा सूर, अख्खा हॉल त्यानं भरला. प्रश्न, उत्तर. डावा हात दाणे पेरत होता, एकही वाया जात नव्हता. पूल आला, मी करंगळी उचलून घर सोडलं आणि मला भीती वाटली नाही. दुसरी थीम पांढरी सहावर अशी हसली की मीही तिच्याबरोबर हसले. मग डेव्हलपमेंट. तुकडे, अंधार, पहिल्या थीमचा प्रश्न पुन्हा पुन्हा, आणि प्रत्येक वेळी उत्तराऐवजी दुसराच प्रश्न. विहीर, मोट, बैल, जत्रा. आम्ही लांब चाललो होतो. डाव्या हातात पांढरी सहा घंटेसारखी वाजायला लागली, एकच सूर, आता यायचं, आता यायचं, आणि तो डोळा आला, आणि मी थांबले.

माझी बोटं जड झाली. कानात जीव गोळा झाला आणि मी ओळखीच्या त्या जागी पुन्हा एकदा बसले, वळसंगच्या ओट्यावर, समोर हसणारे अप्पा, आणि फरशीवर अंगठा पडत नव्हता. येत्याल का? मी घाबरले. खरंच घाबरले. आणि घाबरताच डाव्या हातानं आपली जुनी खोड दाखवली. पट्ट्या सोडल्या, हवेत उठला, आणि समोर नसलेला भाता संथपणे, पुरता, दाबला. परीक्षकांनी मान वर केली. पोरं असती तर खिदळली असती. पण मला माझ्या छातीत हवा भरलेली कळली. भाता भरला की सूर यावाच लागतो, तो कुणाचा ते भाता विचारत नाही. आजवर ती हवा मी दुसऱ्यांसाठी भरली. आज समोर कुणी बुवा नव्हते, मागं कुणी पेटी नव्हती. पेटी आहे तुझ्याकडं, अप्पा म्हणाले होते, शेंगा खात, काळजी नसल्यासारखे. त्यांना खरंच काळजी नव्हती. मीच ते नुसतं बोलणं समजले होते. माझ्या उजव्या पायाचा अंगठा फरशीवर दोनदा पडला, आणि मी पुढं झाले.

पांढरी दोन! काय लागली ती! दोन्ही हातांनी, केसभरही मागून नाही, थेट. पहिली थीम दार ढकलून आत आली आणि तिच्या मागून सगळं घर जागं झालं. मी वाजवत होते आणि मला मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं की अप्पा आले हो, सारजाबाई, आले, उशीर झाला पण आले. पूल पुन्हा आला, पण या वेळी तो कुठं नेत नव्हता, आपल्याच अंगणात उतरत होता, आणि दुसरी थीम पांढरी दोनवर उभी राहिली, दोघी बहिणी एका अंगणात. शेवटाला दोन मोठ्या कॉर्ड्स आहेत, सगळे सूर एकदम. उत्कर्षा नेहमी म्हणायची, बाई, शेवट घाबरून वाजवू नका, दार लावल्यासारखा वाजवा. मी दार लावलं. पहिली कॉर्ड. दुसरी. सूर विरेपर्यंत हात उचलले नाहीत. मग सवयीनं डावा हात भात्याची कडी लावायला पुढं गेला आणि हवेतच थांबला, आणि मी एकटीच खळखळून हसले. परीक्षकांनी पेन्सिल ठेवून दिली होती. थँक यू, ते म्हणाले, आणि कागदाकडे न बघता पुन्हा एकदा म्हणाले, थँक यू. निकाल यायला दोन महिने लागतात. त्याचं मला त्या क्षणी सोयरसुतक नव्हतं.

दार उघडलं तर उत्कर्षा तिथंच, डोळे पुसायचंही विसरलेली. व्हरांड्यातली मुलं, त्यांच्या आया, सगळे माझ्याकडे बघत होते. “आलात की, बाई!” ती म्हणाली.

“आले,” मी म्हणाले. “अप्पांना घेऊन आले.”

मग मी घरी फोन लावला. हे धापा टाकत होते, मागं नळ धो धो वाहत होता. त्यांनी मला काही विचारलं नाही. म्हणाले, “टाकी भरली, पिंपं भरली, कळश्या भरल्या. आता कशात भरू?”

“वरणाच्या पातेल्यात भरा,” मी म्हणाले. “सगळं भरून ठेवा.”